तलम केसांची वेणी: ओढ नको, पकड हवी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: केस सरळ, अगदी तलम, पाठीच्या मध्यापर्यंत लांब आणि त्यात लेअर कट. घातल्या घातल्या वेणी सुरेख दिसते, पण तासाभरात कपाळाभोवती आणि भांगावर बारीक केस उभे राहतात, पेडांमधून टोकं डोकावतात, खालचा रबर घसरत येतो. तेल लावलं तर केस चप्प बसतात आणि टाळू दिसते. जेल लावलं तर पांढरे पापुद्रे निघतात. घट्ट घातली तर संध्याकाळी डोकं ठणकतं. मग वेणी दिवसभर टिकवायची कशी?

डोकं ठणकण्याची गोष्ट आधी घेते, कारण बाकीच्या तक्रारींचा उगम बहुतेक वेळा तिथेच सापडतो. वेणी सुटते, म्हणून पुढच्या वेळी आपण ती आणखी घट्ट ओढतो. ती तरीही सुटते. वर मुळांवर ताण येतो, काही केस तुटतात आणि दोन महिन्यांनी तेच तुटके केस डोक्यावर उभे राहायला लागतात. रंगमंचावर नाचणाऱ्या मुलींचे केस बांधणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. गिरक्या घेऊनही टिकणाऱ्या वेण्या सर्वांत घट्ट ओढलेल्या असतात असं मला कधीच दिसलं नाही. तलम केसात कमी असते ती पकड, म्हणजे केसाने केसाला धरून राहणं. ती आपण बाहेरून पुरवायची असते आणि तिची बरीचशी तयारी पहिला पेड उचलण्याआधीच झालेली असावी लागते.

केसाची जाडी साधारण ५० ते १०० मायक्रॉन असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तलम केस यातल्या खालच्या टोकाला किंवा त्याहूनही बारीक असतो. आता गंमत अशी की केसाचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. म्हणजे ५० मायक्रॉनचा केस ८० मायक्रॉनच्या केसापेक्षा साडेसहा पट सहज वाकतो. जाड केस वेणीत वाकवला की तो सरळ व्हायला बघतो, शेजारच्या केसांवर रेटतो आणि त्या रेट्यानेच जागेवर अडकून राहतो. तलम केस निमूट वाकतो, कुणावर रेटत नाही आणि संधी मिळताच सरकतो. शिवाय त्याचं वजन जाड केसाच्या अडीचपटीने कमी. त्यामुळे वाऱ्याची झुळूक किंवा थोडासा स्थिर विद्युतभारही त्याला उचलायला पुरतो.

तलम केस आणि विरळ केस यांत मात्र गल्लत करू नका. डोक्यावर सरासरी एक लाखाच्या आसपास केस असतात. एकेक केस बारीक असूनही संख्या भरपूर असलेली डोकी मी खूप पाहिली आहेत. एकच केस अंगठा आणि तर्जनीत धरून चोळून बघा. काही हाताला लागतच नसेल तर केस तलम आहे. मोकळ्या केसांतून टाळू ठळक दिसत असेल तर केस विरळही आहेत. फक्त तलम असतील तर पुढचं सगळं तुम्हाला लागू पडेल. दोन्ही असतील तर वेणीचे प्रकार निवडताना थोडा हात आखडता घ्यावा लागतो, ते पुढे येईलच.

आता उडणारे केस. हे सगळे एका जातीचे नसतात आणि उपायही एक नसतो. गडद केस असतील तर पांढऱ्या कागदावर, फिकट असतील तर काळ्या कापडावर एखादा आखूड केस धरा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठा करून त्याचं टोक बघा. टोक निमुळतं होत गेलं असेल तर तो नवीन उगवलेला केस आहे, त्याला अजून कात्री लागलेली नाही. टोक बोथट, चिरलेलं किंवा पांढऱ्या ठिपक्यावर संपलेलं असेल तर तो तुटलेला आहे. असे तुटके केस नेमके तुम्ही रोज रबर बांधता त्याच उंचीवर सापडले तर वेगळा पुरावा शोधायला नको. पूर्ण लांबीचे केसच कंगव्यामागे हवेत उठत असतील तर तो विद्युतभाराचा प्रश्न. दमट हवेत केस नागमोडी होऊन फुलत असतील तर तो ओलाव्याचा. आणि वेणीच्या ठरावीक उंचीवरून, दोन्ही बाजूंनी झुपके बाहेर येत असतील तर ते तुमचे लेअर्स आहेत, त्यात केसांचा काही दोष नाही.

नवीन केसांबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण त्यांच्यावरच लोक सर्वाधिक राग काढतात. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे भांगावर उभा असलेला पाच सेंटिमीटरचा केस चार-पाच महिन्यांपूर्वी उगवलेला आहे. एका वेळी असे खूप केस दिसत असतील तर मागे वळून बघा: मोठा ताप, बाळंतपण, झपाट्याने कमी केलेलं वजन असं काही झालं होतं का? अशा धक्क्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भरपूर गळतात आणि मग त्या जागी एकदम नवी फळी येते. ती डोक्यावर उभी राहते ती चांगलीच खूण आहे. तिला कापू नका, चिमट्याने उपटू तर मुळीच नका. वर्षभरात हे केस वेणीत सामावण्याइतके वाढतात. तोवर त्यांना नुसतं बसवून ठेवायचं.

विद्युतभाराचा उपाय सोपा आहे. कोरड्या हवेत प्लास्टिकचा कंगवा फिरवला की प्रत्येक केसावर एकाच जातीचा भार येतो आणि केस एकमेकांपासून दूर पळतात. लाकडी किंवा शिंगाचा कंगवा वापरला की हे बरंच कमी होतं. त्याहून मोठा फरक कंडिशनरने पडतो. धुतलेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, आणि कंडिशनरमधले धन भाराचे रेणू त्याला चिकटून राहतात, पाण्याने धुतल्यावरही पूर्ण जात नाहीत. म्हणून ‘माझे केस मऊच आहेत, मला कंडिशनर कशाला’ हा विचार सोडा. फक्त तो कानाच्या खाली लावा, मुळांना नको, आणि भरपूर पाण्याने धुऊन काढा.

इथून पुढे वेणीची तयारी. पहिली गोष्ट बऱ्याच जणींना उलटी वाटते: ताज्या धुतलेल्या केसांवर वेणी घालू नका. स्वच्छ, कंडिशनर लावलेला तलम केस सर्वांत निसरडा असतो. धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी टाळूचं तेल थोडं खाली उतरलेलं असतं आणि केस एकमेकांना धरायला लागतात. मात्र तलम केसांत वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, त्यामुळे तेल दिसतंही लवकर. दुसऱ्या दिवशीच मुळं चिकट वाटत असतील तर मुळांशी ड्राय शॅम्पूचा हलका फवारा द्या, दोन मिनिटं थांबा आणि बोटांनी झटका. त्यातली भुकटी तेल शोषते आणि केसाला खरखरीतपणा देते, म्हणजे एका कामात दोन फायदे. त्याच दिवशी वेणी घालायचीच असेल तर ओलसर केसांत मूस, म्हणजे केसांना लावायचा फेस, लावून ड्रायरने वाळवा. मूस तळहाताच्या खळग्यात मावेल एवढाच घ्या.

वाळवताना हवेची दिशा सांभाळा. केसाच्या बाहेरच्या थरावरचे खवले छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक, टोकाकडे उतरते बसलेले असतात. हवा मुळाकडून टोकाकडे गेली तर ते बसतात, उलट गेली तर उचकटतात. डोकं खाली घालून केस पुढे टाकून वाळवण्याची पद्धत फुगीर केसांसाठी ठीक आहे, वेणीसाठी नाही. ड्रायरला चपटं तोंड लावा, ते भांगापासून खाली फिरवा, आणि शेवटची दोन मिनिटं थंड हवा द्या.

सीरमबद्दल माझं मत स्पष्ट आहे. केस गुळगुळीत करणारं सिलिकॉनचं सीरम वेणीच्या दिवशी कानाच्या वर लावू नये. उडणारे केस बसतील म्हणून लोक ते लावतात, आणि त्यानेच पेड एकमेकांवरून घसरायला लागतात. टोकं फारच कोरडी असतील तर एक थेंब, तोही फक्त शेवटच्या दहा सेंटिमीटरला. तेलाचंही तेच. तेल तलम केसांना एकत्र चिकटवून जाड बटा करतं, मधल्या फटींतून टाळू दिसते, म्हणून तुम्हाला केस चप्प झाल्यासारखे वाटतात. तेल लावायचं तर धुण्याच्या आधी लावा, तिथे ते उपयोगी आहे. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. पण वेणीला पकड देणं हे त्याचं काम नाही. (रंगवलेले किंवा ब्लीच केलेले केस या बाबतीत मजेशीर असतात. ब्लीचने केसावरचा नैसर्गिक स्निग्ध थर निघून जातो, केस खडबडीत होतो आणि वेणी उलट चांगली टिकते. म्हणून कुणी ब्लीच करावं असं मात्र नाही.)

ओल्या केसांची वेणी हा वेगळा सापळा आहे. पाण्याने केस एकमेकांना चिकटतात, एकही केस उडत नाही आणि वाटतं, जमलं. पण ओला केस जाडीला साधारण १४ ते १५ टक्के फुगलेला असतो, लांबीला मात्र जेमतेम एक-दोन टक्के. वाळला की प्रत्येक केस पुन्हा बारीक होतो, पेडांचा घेर कमी होतो आणि तीच घट्ट वेणी आतून ढिली पडते. त्यात ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. तेव्हा केस पूर्ण वाळलेले असू द्या. ओलावा फक्त वरच्या थराला, तोही ओलसर तळहाताने.

दमट हवेत मात्र कुठलीच वेणी तशीच राहत नाही, हेही मान्य करायला हवं. केस हवेतलं पाणी शोषतो आणि लांबतो. पूर्ण कोरड्या हवेपासून पूर्ण दमट हवेपर्यंत हा फरक दोन टक्क्यांच्या आसपास जातो. तो इतका भरवशाचा आहे की सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने त्यावरच हवेतला दमटपणा मोजणारं यंत्र बनवलं आणि १७८३ मध्ये त्याविषयी लिहिलं. अशा दिवशी पाण्यावर आधारलेले स्प्रे आणि जेल टाळा, मेणाचा अंश असलेलं क्रीम किंवा पोमेड घ्या. ते पाण्याला थोडं अडवतं.

पोमेड लावण्याची रीत महत्त्वाची आहे. करंगळीच्या नखाच्या निम्म्या आकाराएवढं घ्या, दोन्ही तळव्यांवर ते दिसेनासं होईपर्यंत चोळा, आणि मग हात केसांवरून नुसते दाबत न्या. एका जागी थापून मग कंगव्याने पसरवायला गेलात तर पहिल्या जागी चिकट डाग राहतो आणि बाकी केस कोरडेच. भांग पाडून झाला की एकदा असं करा, आणि वेणी अर्ध्यावर आली की हातावर उरलेलं पेडांवरून फिरवा. दुसऱ्यांदा डबीत बोट घालायची गरज पडली तर समजा, पहिल्यांदा नीट पसरलं नव्हतं.

जेलचे पापुद्रे तीन कारणांनी निघतात: जेल जास्त झालं, ते तेल किंवा सीरमच्या थरावर लावलं, किंवा वाळल्यावर केसांना हात लावला. दोन उत्पादनं एकमेकांशी जुळतात का हे बघायला सोपी परीक्षा आहे. दोन्हींचा एकेक थेंब हाताच्या पाठीवर घेऊन चोळा. तिथे गोळ्या झाल्या तर केसांतही होणार.

आता प्रत्यक्ष वेणी. डोकं सरळ ठेवा. मानेशी वेणी घालताना हनुवटी छातीकडे नेण्याची सवय असते, त्याने मानेवरची त्वचा ताणलेली असते. मग मान वर केली की त्वचा सैल पडते आणि मानेवरचे केस लोंबायला लागतात. खालचे केस गोळा करताना तर डोकं किंचित मागे झुकवा. एवढ्या एका बदलाने मानेवरचा अर्धा पसारा जातो.

साधी तिपेडी वेणी घालणार असाल तर आधी मानेशी केस एका बारीक रबराने बांधा, मग त्याखाली वेणी घाला. वेणी पूर्ण झाली की तो वरचा रबर छोट्या कात्रीने जपून कापता येतो किंवा बटेने गुंडाळून झाकता येतो. तलम केसांच्या वेणीची सुरुवात नेहमी वरूनच सैल पडते, आणि हा रबर ती सुरुवात धरून ठेवतो.

पेड समान करा. अंदाजाने नाही, बोटांत धरून. एक पेड जाड असेल तर तो बाकी दोघांना बाजूला ढकलतो आणि वेणी एका अंगाला पिळवटते. प्रत्येक वेळी पेड ओलांडण्याआधी त्यावरून वरून खाली बोटं फिरवा म्हणजे सुटे केस त्यात गोळा होतील, आणि पेडाला आतल्या बाजूला अर्धा पीळ द्या. हा अर्धा पीळ म्हणजे लेअर कटवाल्यांसाठी सोनं आहे. आखूड टोकं पिळात आत वळतात आणि वेणीच्या पोटात लपतात. पीळ जास्त दिलात तर पेड गोल, काठीसारखे दिसू लागतात, तेव्हा अर्ध्यावर थांबा.

घट्टपणा कुठे द्यायचा? खाली नाही, बाजूला. पेड ओलांडला की बाहेरचे दोन पेड किंचित डावीकडे-उजवीकडे ताणा. ओलांडणीची जागा वर सरकते आणि तिथेच आवळली जाते. सगळी वेणी खाली ओढली तर तो ताण पेडांत न राहता सरळ मुळांवर जातो. बोटं ओलांडणीच्या जवळ ठेवा. हात जितके लांब तितके केस मध्ये सैल राहतात. आणि ताण पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा हवा. बहुतेक वेण्या मध्यावर ढिल्या असतात, कारण तिथे आपण वेणी पाठीवरून खांद्यावर पुढे घेतो आणि हाताची पकड बदलते. ती बदलायचीच आहे, पण त्या क्षणी तिन्ही पेड एका मुठीत आवळून धरा.

तुमच्या कटला साधी वेणी फारशी मानवणार नाही असं मला वाटतं. लेअर्ससाठी सागरवेणी बरी, जिला फ्रेंच म्हणतात, कारण ती दर ओलांडणीला टाळूजवळचे नवे केस सामावून घेते आणि आखूड थर सुटण्याआधीच वेणीत बांधले जातात. बटा बारीक घ्या आणि दोन्ही बाजूंनी सारख्या जाडीच्या. पेड वरून न नेता खालून नेले तर उलटी सागरवेणी होते. ती टाळूवर उठून दिसते, म्हणून बारीक केसही भरल्यासारखे वाटतात. केस विरळही असतील तर भांग मधून न पाडता तिरपा पाडा आणि एकच वेणी घाला. दोन वेण्यांसाठी मधला भांग लागतो आणि तिथेच टाळू उघडी पडते.

पिळाची वेणीही तलम केसांवर आश्चर्य वाटावं इतकी टिकते. दोन बटा घ्या, दोन्ही उजवीकडे पिळा आणि मग एकमेकींवर डावीकडे गुंडाळा. दोन्ही पीळ उलट दिशांचे असल्याने एक सुटायला गेला की दुसरा आवळतो. दोन्ही एकाच दिशेने पिळले तर हात सोडताक्षणी सगळं उलगडेल. खजुरी वेणी, म्हणजे फिशटेल, मात्र मी लेअर असलेल्या तलम केसांना सुचवत नाही. तिच्यात इतक्या बारीक बटा घ्याव्या लागतात की प्रत्येक आखूड टोकाला बाहेर पडायला वाट मिळते. तासाभराच्या कार्यक्रमाला चालेल, दिवसभराला नाही. चौपेडी आणि पाचपेडी वेण्या रुंद दिसतात, पण पेड वाढले की प्रत्येक पेड बारीक होतो, म्हणून त्या दाट केसांनाच शोभतात.

वेणीच्या कडा ओढून ती फुगवण्याची पद्धत सध्या सगळ्यांना हवी असते. तलम केसांवर ती करता येते, पण प्रत्येक ओढीबरोबर तुम्ही थोडी पकड विकत असता. करायचीच असेल तर आधी हेअरस्प्रेचा पातळ थर द्या, खालचं टोक धरून ठेवा, आणि खालून वर जात प्रत्येक पेडाची फक्त बाहेरची कड किंचित ओढा. आतल्या केसांना हात लावू नका. त्यापेक्षा मला रिबीन आवडते. सुरुवातीपासूनच एका पेडात अरुंद रिबीन घेतली की वेणी भरते आणि तिला धरायला काहीतरी मिळतं. सुती किंवा खरखरीत रिबीन घ्या, सॅटिनची स्वतःच घसरते.

रबर घसरण्याचं कारण बहुतेक वेळा वेणी फार खालपर्यंत नेणं हे असतं. लेअर कटमध्ये शेवटच्या भागात केस इतके थोडे उरतात की रबराला धरायला काही राहत नाही. वेणी करंगळीच्या निम्म्या जाडीची झाली की थांबा, खाली चार-पाच सेंटिमीटरचा शेपटा सोडा. बांधायच्या जागी हेअरस्प्रेचा एक फवारा द्या, तो किंचित चिकट झाला की बारीक, मऊ रबर तीन वेढे देऊन बांधा. तरीही घसरला तर शेपट्याचं टोक वर दुमडून रबराच्या शेवटच्या वेढ्यात घ्या. उघड्या रबराचे, कागदाच्या गठ्ठ्यांना लावतात तसले रबरबँड केसांना लावू नका. ते काढताना केस तोडतात, आणि तुमच्या टोकांशी सापडणाऱ्या तुटक्या केसांचं कारण तेच असू शकतं.

वेणी पूर्ण झाली की शेवटी कपाळाभोवतालचे केस. यासाठी मऊ टूथब्रश ठेवा. स्प्रे डोक्यावर नाही, ब्रशवर मारा आणि केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने हलकेच फिरवा. उलट दिशेला वळवलेला आखूड केस दहा मिनिटांत परत उठतो. मग कपाळावरून मऊ कापडाची पट्टी बांधून पाच-दहा मिनिटं राहू द्या. तोवर कपडे, चपला, पिशवी यांचं बघून घ्या. पट्टी काढल्यावर केस बसलेले असतात आणि चिकटही दिसत नाहीत. एखादी झिपरी हट्टीच असेल तर पिन लावा. पिनेची नागमोडी बाजू टाळूकडे हवी, सरळ बाजू वर, आणि लावण्याआधी पिनेवर स्प्रे मारला तर ती सुटत नाही. दिव्यांखाली, कॅमेऱ्यासमोर एकही केस नको असतो, तेव्हा मी हे सगळं करते. रोजच्या दिवशी कपाळाशी दोन-चार केस असले तर चेहरा जरा मऊच दिसतो, त्यांच्यामागे फार लागू नका.

दुपारी केस परत उठले तर कंगवा बाहेर काढू नका. कंगवा बसलेल्या केसांनाही उठवतो. तळहात किंचित ओले करून भांगावर आणि वेणीवर नुसते दाबा, चोळू नका. हाताला क्रीम लावल्यावर जे उरतं तेवढं पुरतं. वेणीचा खालचा भागच सैल झाला असेल तर रबर काढून तेवढाच भाग परत घाला, वरचा मोडू नका.

रात्री साध्या सुती अभ्र्यावर केस घासले जातात आणि सकाळी मागे गुंता सापडतो. सॅटिनचा अभ्रा घ्या किंवा डोक्याला सॅटिनचा रुमाल बांधा, आणि झोपताना एक सैल वेणी घाला. दिवसाची घट्ट वेणी रात्री तशीच ठेवणं मला पसंत नाही.

आता ते ठणकणं. वेणी घातल्यावर भुवया नेहमीसारख्या वर उचलता आल्या पाहिजेत. कपाळाच्या कडेची त्वचा प्रत्येक केसाच्या मुळाशी उचललेली दिसत असेल, तिथे लाली किंवा बारीक पुटकुळ्या येत असतील, तर वेणी लगेच सैल करा. डोकेदुखीची गोळी घेऊन तशीच ठेवू नका. सततच्या ओढीने केस जाण्याचा विकार जुना आहे, १९०७ मध्ये ग्रीनलंडमधल्या, केस वर घट्ट बांधणाऱ्या स्त्रियांत त्याचं वर्णन झालं होतं. तो बहुधा कानशिलं आणि कपाळाच्या कडेने सुरू होतो. लवकर लक्षात आला आणि ओढ थांबवली तर केस परत येतात, वर्षानुवर्षं चालू राहिला तर मुळं कायमची जातात. म्हणून भांग आणि वेणीची जागा अधूनमधून बदला, सलग काही दिवस घट्ट वेणी झाली की एक-दोन दिवस केस मोकळे किंवा सैल बांधलेले ठेवा. कडेचे केस मागे सरकलेत असं वाटलं तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, तेलं बदलत बसू नका.

लेअर्सचं काय? पुढच्या वेळी केस कापताना खालची कड सरळ ठेवा आणि नवे लेअर्स घेऊ नका. सर्वांत आखूड थर आणि सर्वांत लांब केस यांत बारा-पंधरा सेंटिमीटरचा फरक असेल, तर लांबी आहे तेवढीच राखत आखूड थर तिथवर पोचायला सुमारे वर्ष लागेल. तोवर सागरवेणी आणि अर्धा पीळ.

वेणी सोडताना घाई करू नका, सर्वांत जास्त तलम केस तिथेच तुटतात. रबर ओढून काढण्यापेक्षा कात्रीने कापा, आणि पेड खालून वर बोटांनी मोकळे करा. स्प्रेने कडक झालेली जागा आधी थोडी ओलसर करून मऊ होऊ द्या, मग रुंद दातांचा कंगवा टोकांपासून सुरू करून वर न्या. दिवसाला ५० ते १०० केस गळणं स्वाभाविक असतं आणि वेणीत ते खाली न पडता अडकून राहतात, त्यामुळे सोडल्यावर एकदम पुंजका हातात येतो. त्यातल्या केसांच्या एका टोकाला बारीक पांढरा कंद दिसला तर ते आपोआप गळलेले आहेत. कंद नसलेले तुकडे जास्त निघाले तर उद्याची वेणी एक पायरी सैल घाला.